गुडघ्याची गोळी, पोटातली जखम

गुडघे दुखतात, सजद्यात जाता येत नाही, म्हणून घरातील अनेक बुजुर्ग रोज डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतात. ही गोळी शरीरातील प्रोस्टाग्लँडिन कमी करते. त्यामुळे सूज आणि दुखणे उतरते. पण जठराच्या अस्तराला आम्लापासून जपणारे द्रव्यही तेच. ते घटले की अस्तराला जखम, म्हणजे अल्सर, होऊ शकतो. परिणाम रक्तावाटे होत असल्याने जेवणानंतर गोळी घेऊनही धोका टळत नाही. साठीपुढचे, पूर्वी अल्सर झालेले, ॲस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांना तो अधिक. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

पुष्कळदा पोट दुखतच नाही. शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होते. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसतात. घेरी येते, थंड घाम सुटतो. अशा वेळी रोजा असला तरी इफ्तारची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

शौचाची गोष्ट अम्मी-अब्बा लाजेने सांगत नाहीत. आपणच विचारावी.