जेसीबी पाय का रोवतो?

बदलापूर-अंबरनाथमध्ये कुठेही पाया खणायला जेसीबी आला की बघ्यांची गर्दी ठरलेली. मीही त्यात असतोच! खणण्याआधी तो मागचे दोन लोखंडी पाय जमिनीत रोवतो, पुढचं बकेटही टेकवतो. कशाला? टायर हवेचे, हिसका बसला की यंत्र डुलतं. शिवाय मागे लांबवलेला खणायचा हात म्हणजे बागेतला सी-सॉ. तेच ओझं टेकूपासून दुप्पट लांब गेलं, की यंत्र उलटवणारा जोरही दुप्पट. पाय रोवले की टेकू चाकांवरून मागे, ओझ्याच्या जवळ सरकतो. पावसाळ्यात मात्र उल्हास नदीकाठची माती लोण्यासारखी, पाय रुततात. म्हणून त्यांच्याखाली जाड फळ्या घालतात, भार पसरतो. आणि बघ्यांनो, हात फिरतो त्या घेऱ्याबाहेरच राहा. केबिनमधून चालकाला सगळं दिसत नाही.