आवड आणि अभ्यासक्रम

एखाद्या विषयाची आवड असणे वेगळे आणि तो विषय शिकवणे वेगळे. प्रा. सतीश बहादूर आग्र्यात अर्थशास्त्र शिकवीत; परंतु त्यांचा खरा ओढा चित्रपटाकडे होता. तेथील फिल्म सोसायटीच्या कार्यात ते रमले. १९६० च्या दशकात ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-रसास्वादाचे प्राध्यापक झाले. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुढे या दोन्ही संस्थांच्या सहकार्याने काही आठवड्यांचा रसास्वाद अभ्यासक्रम आकाराला आला.

अल्पावधीत जगभरचे सारे चित्रपट दाखवणे अशक्यच असते. म्हणून बहादूर यांनी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) सारख्या निवडक कृतींच्या सूक्ष्म विश्लेषणावर भर दिला. कॅमेरा कोठे आहे, दृश्य कोठे बदलते, ध्वनी केव्हा येतो आणि त्यातून कोणता अर्थ निर्माण होतो, हे बारकाईने पाहणे म्हणजे असे विश्लेषण.

शिक्षकाने केवळ आपली आवड सांगितली, तर विद्यार्थी त्याचीच मते उच्चारू लागतो. पाहण्याची रीत दिली, तर शिक्षकाला न रुचलेली कलाकृतीही तो स्वतः पारखू शकतो. अशा अभ्यासक्रमाची खरी कसोटी हीच होय.