पायोरिया झालेल्यांचे इम्प्लांट किती टिकतात?

‘दातच काढून टाकले, म्हणजे पायोरिया गेला. आता इम्प्लांट बसवले की आयुष्यभराची काळजी मिटली.’ सर्वांत जास्त नुकसान करणारा समज हाच. इम्प्लांटच्या टायटॅनियमला कीड लागत नाही हे खरं. पण पायोरिया हा दाताभोवतीच्या हिरडीचा आणि हाडाचा आजार आहे. जंतूंचा थर साचला की काहींच्या शरीरात तीव्र दाह होतो आणि त्यात हाड झिजतं. दात काढले तरी ही प्रवृत्ती राहतेच. शिवाय उरलेल्या दातांभोवती हिरडीचे खिसे तसेच असतील, तर तिथले जंतू काही आठवड्यांत नव्या इम्प्लांटपाशी पोहोचतात. मग त्याच्याभोवतीचं हाड झिजू लागतं. याला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात.

स्वीडनमध्ये इम्प्लांट बसवून सुमारे ९ वर्षं झालेल्या ५८८ रुग्णांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. ४५ टक्के रुग्णांत या आजाराची काही ना काही खूण होती, १४.५ टक्क्यांत तो मध्यम ते तीव्र होता. आधीपासून हिरड्यांचा आजार असलेल्यांना धोका ठळकपणे जास्त दिसला.

हे वाचून दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘पायोरिया झालेल्याला इम्प्लांट चालतच नाही’ हेही चूक. आधी हिरड्यांवर पूर्ण उपचार झाले आणि पुढे नियमित देखभाल राहिली, तर बहुतेक इम्प्लांट दहा वर्षांनंतरही तोंडात असतात. मात्र तोंडात असणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं. हाड निम्मं झिजलेला इम्प्लांटही ‘टिकलेला’ म्हणूनच मोजला जातो. टक्केवारी सांगितली जाते तेव्हा ती नेमकी कशाची, हे जरूर विचारावं.

देखभालीने किती फरक पडतो? ब्राझीलमधल्या एका अभ्यासात इम्प्लांटभोवतीची हिरडी आधीच सुजलेल्या रुग्णांकडे पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं. नियमित देखभाल घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना पेरिइम्प्लांटायटिस झाला होता, न घेणाऱ्यांपैकी जवळपास ४४ टक्क्यांना.

‘दुखत नाही, हलत नाही, म्हणजे ठीक आहे.’ इथेच बहुतेक जण फसतात. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा थर असतो, त्यामुळे हाड कमी झालं की दात हलू लागतो आणि आपण सावध होतो. इम्प्लांट थेट हाडाला जोडलेला असतो. टोकाशी थोडं हाड शाबूत असेपर्यंत तो घट्टच राहतो. हलू लागला की सहसा तो काढावाच लागतो. वेदनाही बहुधा नसते. ब्रश करताना येणारं रक्त, दाबल्यावर दिसणारा पू, तोंडाची दुर्गंधी, एवढ्याच खुणा मिळतात.

सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हा धोका आणखी वाढवतात. आपल्याकडे अनेक घरांत बाया हिरड्यांना मशेरी लावतात. ती दात घट्ट करते, ही समजूत सोडायलाच हवी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. डॉक्टर तंबाखूबद्दल विचारतात तेव्हा ती न लाजता सांगावी.

‘मशीनने दात साफ केले की ते हलतात’ हाही जुना गैरसमज. कीटण निघाल्यावर आधीच झालेली झीज उघडी पडते, इतकंच. याच भीतीने उपचार टाळले जातात आणि वाचू शकणारे दातही पुढे काढावे लागतात. हलणारा प्रत्येक दात काढायचाच नसतो. म्हणून इम्प्लांट ठरवण्याआधी हिरड्यांच्या तज्ज्ञाचं मत घ्या. बसवल्यावर पहिला एक्स-रे जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक तपासणीत हाडाची पातळी त्याच्याशीच ताडून पाहायची असते.