तरवडाला पाणी लागतं

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आमच्या शहरात शहागंजच्या घड्याळापाशी तरवडाच्या पिवळ्याधमक माळा विकायला येतात. माळ घेताना मी सहज म्हणावं की हे झाड दारात लावलेलं बरं, की शेजारचं कुणीतरी हमखास सांगतं, "ते काय लावायचं? रानचं झाड. त्याला पाणीच लागत नाही!"

या एका वाक्यानं किती रोपं मारलीत! पावसाळ्यात लोक माळावरून हातभर रोप उपटून आणतात, गच्चीवरच्या डब्यात खोचतात आणि निवांत होतात. दिवाळीच्या आत त्याची काडी झालेली असते. मग दुसरं वाक्य येतं, "रानचं झाड घरी जगतच नाही." दोन्ही चूक.

तरवड मे महिन्यातही माळावर हिरवा दिसतो, तो पाण्यावाचून नव्हे. त्याचं मूळ मुरमातून, खडकाच्या भेगांतून खाली उतरलेलं असतं आणि तिथली ओल धरून असतं. दुष्काळ सोसायची ताकद त्या मुळात आहे. रोप उपटताना तुटतं ते नेमकं तेच. आपल्या शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कोवळ्या रोपानं पुढचे आठ महिने कशाच्या जिवावर काढायचे?

म्हणून तरवड बियांपासूनच लावा. वाळलेली शेंग कागदासारखी पातळ, चपटी असते. आतलं बी टणक, त्यामुळे नुसतं पेरलं तर कित्येकदा तसंच पडून राहतं. सँडपेपरवर एका बाजूची चकाकी जाईपर्यंत घासा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जे फुगलं असेल तेच पेरा, बाकीची पुन्हा घासा. पेरणी जूनमध्ये, झाड जिथं वाढवायचं तिथंच. जमीन नसेल तर तळाला भोकं पाडलेला खोल ड्रम आणि मुरूम मिसळलेली माती. शेणखत मूठभर पुरे.

राहिलं पाणी. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच्या वर रेंगाळतात. आमच्याकडे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी मी रोपाला एक बादली हळूहळू जिरवतो. पहिला उन्हाळा असा काढला आणि दुसरा पावसाळा मिळाला की जमिनीतलं झाड आपलं आपण बघतं. ड्रममधल्याला मात्र कायम पाणी द्यावं लागतं, कारण त्याच्या मुळांना खाली जायला वाटच नाही.

तरवड म्हणजेच टाकळा, असंही ऐकतो. नाही. टाकळा पावसाळ्यात उगवून वाळून जाणारं रोप, तरवड वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखं गोल उपपर्ण दिसलं की तो तरवड. शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलाटा' त्या कानावरूनच आलंय. शंका असेल त्यांनी व्ही. एन. नाईक यांचा 1998चा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' पाहावा.

शेंगा धरतो म्हणून तो हरभऱ्यासारखा जमिनीत नत्र साठवतो, हेही खरं नाही. तरवड ज्या सेना प्रजातीतला, तिच्यातल्या झाडांच्या मुळांवर सहसा नत्र धरणाऱ्या गाठीच येत नाहीत.

आपोआप उगवलेलं ते देशी, हा समजही सोडा. घाणेरी आणि गाजरगवत दोन्ही अमेरिकेकडची. दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तरवड मात्र इथलाच. शेजारच्या तेलंगणात तो राज्यफूल आहे, तिथल्या फुलांच्या सणातली बतुकम्मा त्याच्यावाचून रचत नाहीत.

तरवडाच्या फुलांच्या चहानं मधुमेह बरा होतो म्हणून गोळ्या बंद करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, करू नका.

आणि या फुलात मध नसतो. असतात ते फक्त परागकण, तेही टोकाला बारीक छिद्रं असलेल्या परागकोशांत कोंडलेले. सकाळी झाडाजवळ उभं राहा. मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता सगळं अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पराग त्याच्या पोटावर उडतात. मधमाशीला हे जमत नाही.

पानं कुरतडलेली दिसली की "कीड लागली" म्हणून औषध आणायला धावू नका. त्या बहुधा पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात, तरवडाच्या पानांवर वाढणाऱ्या. त्यांना खाऊ द्या. झाडाला पुन्हा पालवी फुटते.