पहिल्या शाळेची तयारी: उन्हाळा संपण्याआधी

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. म्हणून विदर्भातल्या बहुतेक शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. नर्सरीत किंवा अंगणवाडीत पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलाच्या आईबाबांसाठी हा उशीर सोयीचा आहे. मृग लागल्यापासून शाळा उघडेपर्यंत हाताशी दोन-तीन आठवडे उरतात. बऱ्याच घरांत हे दिवस ए-बी-सी-डी आणि एक ते वीस पाठ करून घेण्यात जातात. पण तीन वर्षांच्या मुलाचं पहिल्या महिन्यात अडतं ते दुसऱ्याच गोष्टींवर. घरच्यांवाचून दोन-तीन तास राहणं, आपली गरज सांगणं आणि छोटी कामं स्वतः करणं, या तीन गोष्टी जमल्या की शाळा सोपी होते. त्या घरीच शिकवता येतात आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

वय पाहा, शेजाऱ्याकडे नको

महाराष्ट्रातल्या नियमानुसार नर्सरीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत मुलाला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि पहिलीसाठी सहा. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल शाळा उघडते तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचं असतं. याच वयात सहा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. बोलणं, शू-शी सांगणं, घरच्यांपासून दूर राहणं हे सगळं त्या सहा महिन्यांत झपाट्यानं बदलतं. मूल काठावरच्या वयाचं असेल आणि अजून तयार वाटत नसेल, तर एक वर्ष थांबण्यात काहीच नुकसान नाही. शेजारच्या घरातलं त्याच वयाचं मूल शाळेत जाऊ लागलं, हे आपल्या मुलाला पाठवण्याचं कारण होऊ शकत नाही.

आधी झोपेची घडी बसवा

उन्हाळ्यात आपल्याकडे दिवस उलटा होतो. दुपारी कूलरसमोर दोन-तीन तास झोप, संध्याकाळी ऊन उतरल्यावर खेळ, रात्री जेवण झालं की फुटाळा तलावावर चक्कर. मुलं अकरा-साडेअकराला झोपतात आणि नऊला उठतात. साडेआठच्या शाळेला हे वेळापत्रक चालत नाही. पहिल्या आठवड्यातलं निम्मं रडणं अपुऱ्या झोपेचं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार तीन ते चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला 10 ते 13 तास झोप हवी आणि स्क्रीनसमोरचा वेळ एक तासाच्या आत हवा. सात वाजता उठवायचं असेल, तर रात्री नवाच्या सुमारास अंथरुणात जायला हवं. हा बदल एका दिवसात होत नाही. दर दोन-तीन दिवसांनी झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. दुपारची झोप थोडी छाटा. मोबाइल झोपण्याच्या तासभर आधी बाजूला ठेवा. घरातल्या मोठ्यांचे दिवेही त्या वेळी मंद व्हायला हवेत, नाहीतर मूल एकटं झोपायला तयार होत नाही.

डबा, बूट आणि चड्डी

शाळेचा डबा विकत आणला की तो लगेच मुलाच्या हातात द्या. दोन्ही बाजूंना क्लिप असलेला स्टीलचा डबा दिसायला छान असतो, पण तीन वर्षांच्या बोटांना त्या क्लिपा उघडत नाहीत. वर्गात वीस मुलं असतील, तर मॅडम प्रत्येकाचा डबा उघडेपर्यंत खाऊची सुट्टी संपते. मूल स्वतः उघडू शकेल असाच डबा घ्या आणि रोज दुपारचं थोडं खाणं त्यातच वाढा. कार्टून दाखवत घास भरवण्याची सवय असेल, तर ती आताच मोडा, कारण शाळेत भरवायला कुणी नाही. पोळीचा छोटा रोल, उपमा, इडली, केळं, मऊ थालीपीठ असे हातानं खाता येतील असे पदार्थ द्या. आख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि आख्खी द्राक्षं चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या डब्यात ठेवू नका. ती घशात अडकू शकतात.

बूट वेल्क्रोचे घ्या, नाडीचे नकोत. चड्डी इलॅस्टिकची असू द्या, कारण घाईच्या वेळी बटण आणि पट्ट्यावर सगळं बिनसतं. घरी कमोड असेल आणि शाळेत भारतीय पद्धतीचं शौचालय असेल, तर उकिडवं बसण्याचा सराव करून घ्या. याउलट असेल, तर कमोडचा सराव द्या. शाळा पावसाच्या तोंडावर उघडते, म्हणून रेनकोट अंगात घालणं आणि काढणंही एकदोनदा खेळात करून बघा. डबा, पाण्याची बाटली, रेनकोट या सगळ्यांवर नाव लिहा. दप्तरात कपड्यांचा एक जोड कायम ठेवा.

पेन्सिलीआधी कणीक

अक्षर गिरवण्याची घाई करू नका. तिसऱ्या वर्षी मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी बहुतेक अजून कूर्चेचीच असतात. बोटांत ताकद यायला अजून वेळ आहे, आणि ती ताकद येते हातानं काम करून. आपल्या घरात त्यासाठी लागणारं सगळं असतं. पापडाची लाटी वळणं, काडीवर सरगुंडे गुंडाळणं, भाजी निवडताना पालकाचे देठ तोडणं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं. आजी सरगुंडे करायला बसली, की मुलालाही कणकेचा एक गोळा आणि एक काडी द्या. त्याचं सरगुंडं वेडंवाकडं होईल, पण चिमटीत काडी फिरवताना बोटांचा जो व्यायाम होतो, तोच पुढे पेन्सिलीला उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात ही वाट आधीच आखलेली आहे. तारुण्यातली काही वर्षं अमरावतीत काढलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डी गावात काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीची महाग साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी दगड, पानं, बिया, शंख-शिंपल्यांतून शिकवलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानतं, आणि 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही या वयात खेळ हाच शिकण्याचा मार्ग सांगितला आहे. तेव्हा पहिल्याच महिन्यात पानभर गृहपाठ देणाऱ्या शाळेला तुम्ही निःसंकोच प्रश्न विचारू शकता.

दुराव्याचा सराव

आईबाबा दिसेनासे झाले की रडू येणं हे मुलाचं मन निकोप असल्याचं लक्षण आहे. ही भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसू लागते आणि तीन वर्षांच्या आसपास ओसरू लागते. शाळा नेमकी त्याच वळणावर येते. म्हणून आधी थोडा-थोडा सराव द्या. पहिल्यांदा मामीकडे अर्धा तास, मग आत्याकडे एक तास, मग शेजारच्या काकूंकडे. प्रत्येक वेळी सांगून जा आणि सांगितलेल्या वेळेला परत या. मूल खेळात गुंतलं की मागच्या दारानं निसटणं सोपं वाटतं, पण त्यातून मूल एवढंच शिकतं की नजर हटली की आई गायब होते. पुढे ते तुमचा पदर सोडतच नाही.

तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. ‘साडेअकराला येईन’ म्हणण्यापेक्षा ‘तुम्ही खाऊ खाल, गाणं म्हणाल, मग मी फाटकाजवळ उभी असेन’ असं म्हणा. तो क्रम मुलाच्या लक्षात राहतो.

शाळेचं नाव धमकीत वापरू नका. ‘मस्ती केलीस तर मॅडम मारतील’ हे वाक्य गमतीतही नको. घरातल्या थोरांनाही हे समजावून सांगा. शाळा उघडण्याआधी दोनदा तरी मुलाला तिथे न्या. फाटक, झोपाळा, शौचालय, पाण्याचा नळ दाखवा. जमलं तर मॅडमशी भेट घालून द्या.

गरज सांगता यायला हवी

नागपुरात घरी मराठी, अंगणात हिंदी आणि वर्गात इंग्रजी असं अनेकदा असतं. मुलं तिन्ही भाषा हळूहळू उचलतात, त्याची चिंता नको. पण पाणी हवं, शू लागली, दुखतंय, नको, एवढं तरी मॅडमना कळेल अशा शब्दांत मुलाला सांगता यायला हवं. घरी शू-शीसाठी जो खास शब्द चालतो, तो मॅडमना पहिल्याच दिवशी लिहून द्या. स्वतःचं पूर्ण नाव आणि आईबाबांचं नावही पाठ असू द्या. अंगाला कुणी नको तिथे हात लावला, तर मोठ्यानं ‘नाही’ म्हणायचं आणि घरी सांगायचं, हे याच वयापासून शांतपणे शिकवा.

पहिला दिवस

सकाळी घाई नको. निरोप छोटा, हसरा आणि ठाम ठेवा. एक मिठी, एक वाक्य, मग निघा. ‘मी नाई जात!’ म्हणून मुलानं पाय घट्ट रोवले, तरी फाटकाशी अर्धा तास समजूत काढत बसू नका. ‘तुला रडू येतंय, कळतंय मला. खाऊ झाला की मी येते,’ एवढं म्हणून मुलाला मॅडमच्या हाती द्या. बहुतेक मुलं आईबाबा नजरेआड झाल्यावर थोड्या वेळात शांत होतात. परत न्यायला मात्र वेळेच्या आधी हजर राहा. शेवटचं मूल म्हणून वाट पाहत बसणं लहान जिवाला फार जड जातं. पहिले काही आठवडे ऑटो किंवा व्हॅनऐवजी घरच्यांनीच ने-आण केली तर उत्तम.

पहिले दोन महिने

रोज ‘आज काय शिकलास?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘शेजारी कोण बसलं होतं?’, ‘खाऊत काय होतं?’ असं विचारा. घरी आल्यावर चिडचिड, रात्री अंथरूण ओलं होणं, पुन्हा अंगठा चोखणं हे काही दिवस चालतं. रागावू नका. लहान मुलांना वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं सामान्य आहे, आणि शाळेत जाऊ लागल्यावर ती जास्त जाणवते. लसी पूर्ण आहेत ना ते तपासा, घरी आल्या-आल्या साबणानं हात धुण्याची सवय लावा आणि ताप असताना शाळेत पाठवू नका.

साधारण दोन ते चार आठवड्यांत बहुतेक मुलं रुळतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मूल मित्रांसोबत दारोदार बोजारा मागायला निघतं, तोवर शाळा त्याच्या अंगवळणी पडलेली असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर चार दिवस पुन्हा रडू आलं, तरी घाबरू नका. मात्र महिना उलटूनही मूल दिवसभर रडत असेल, खाणं सोडलं असेल, शाळेत कुणाशीच बोलत नसेल किंवा अंगावर न समजणाऱ्या खुणा दिसल्या, तर लगेच शाळेशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. तीन वर्षांचं मूल नावानं हाक मारल्यावर बघत नसेल किंवा दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलत नसेल, तर तपासणी पुढे ढकलू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा मुलांची मोफत तपासणी करतात.

शाळेला हे विचारा

पहिल्या आठवड्यात मुलांना कमी वेळ ठेवता का? शौचालयात मुलासोबत कोण जातं? मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, याची नोंद ठेवता का? मूल रडलं तर काय करता? पावसात किंवा उकाड्यात वर्गात हवा खेळती राहते का? या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारी छोटी शाळा, चकचकीत इमारतीच्या पण उत्तर टाळणाऱ्या शाळेपेक्षा केव्हाही बरी.

शाळा उघडायला अजून काही दिवस आहेत. अंकलिपी कपाटात राहू द्या. मुलाला स्वतःच्या हातानं डबा उघडू द्या, रात्री लवकर झोपवा आणि त्याला दिलेला शब्द रोज पाळा. परत येईन म्हटलेली आई किंवा बाबा खरंच परत येतात, हा विश्वास ज्या मुलाला आहे, ते मूल शाळेसाठी तयार आहे.