व्हॅनिला आइस्क्रीमवर सोया सॉस

व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्यावर सोया सॉसचे चार थेंब टाकायचे. चारच. दोन्ही एका चमच्यात घ्यायचं आणि जिभेवर विरघळू द्यायचं. आधी खारट लागतं, मग मागून काहीतरी तांबूस, खरपूस, गोड वर येतं. पातेल्यात साखर वितळून रंग धरू लागली की घरभर जो वास सुटतो, तोच तोंडात भरतो. कॅरॅमल कुणीही घातलेलं नसतं, तरी ते तिथे असतं. हे पहिल्यांदा चाखलं तेव्हा मी बाटली फिरवून मागचा मजकूर वाचला होता. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी. बस्स.

मग हा वास आला कुठून?

सोयाबीन शिजवतात, गहू भाजून भरडतात, दोन्ही कालवून त्यावर ॲस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी वाढू देतात. दोन-तीन दिवसांत दाण्यांवर हिरवट-पिवळी मखमल चढते. मग सगळं मिठाच्या पाण्यात जातं आणि तिथे महिनोन्‌महिने मुरतं. बुरशीने मागे ठेवलेली विकरं प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडून अमिनो आम्लं मोकळी करतात, गव्हातल्या पिष्टाची साखर करतात. खारट पाण्यातही तग धरणारे जिवाणू थोडा आंबटपणा आणतात, यीस्ट सुवास आणतं. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांना भिडत राहतात आणि रंग गडद होत जातो. तव्यावरच्या भाकरीला तांबूस ठिपके पडतात तीच ही प्रक्रिया. इथे मात्र ती आगीशिवाय, ऋतू उलटेपर्यंत चालू असते.

अशा मुरवलेल्या सोया सॉसमधून शास्त्रज्ञांनी सुमारे 300 गंधद्रव्यं ओळखली आहेत. त्यांत व्हॅनिलिन आहे, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेचा प्राण. फ्युरेनिऑल आहे, ज्याच्यामुळे पिकलेली स्ट्रॉबेरी आणि अननस दुरून ओळखू येतात. यीस्टने घडवलेलं आणखी एक द्रव्य आहे, त्याचं नाव लांबलचक, वास निव्वळ कॅरॅमलचा. एवढं कळलं की आइस्क्रीमचं कोडं सुटतं. सोया सॉस तिथे परका म्हणून गेलेलाच नव्हता. तो भावकीतलाच होता, फक्त आपण त्याला नेहमी नूडल्सच्या संगतीत पाहिलेलं.

ही भावकी जिथे रोज आपोआप जमते ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या चिनी घराचं फडताळ. तिथे सोया सॉस, ऑयस्टर सॉस, होइसिन, काळं व्हिनेगर, भाजलेल्या तिळाचं तेल आणि वाळवलेले शिताके मशरूम असतात, आणि त्याच फळीवर केचप, पीनट बटर, मेपल सिरप, चॉकलेटही असतं. हा संसार कुणी ठरवून मांडला नाही. 1849 नंतर कॅलिफोर्नियात सोन्याच्या ओढीने माणसं आली, त्यांतली बरीच ग्वांगदोंग प्रांतातल्या ताईशान भागातली. 1860च्या दशकात हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून रेल्वे नेली. 1882च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाची दारं बंद झाली आणि ती 1943पर्यंत बंदच राहिली. जे आत होते त्यांनी गावाकडची चव हाताशी असलेल्या वस्तूंतून उभी केली. गाई-लान ही त्यांची पालेभाजी मिळेना, तेव्हा इटालियन लोकांनी आणलेली ब्रॉकली कढईत पडली. बीफ आणि ब्रॉकली हा आज अमेरिकेतला घरोघरी ठाऊक असलेला चिनी पदार्थ असा दोन देशांतरांच्या गाठीतून झाला आहे.

केचपची गोष्ट तर याहून सुंदर आहे. दक्षिण चीनच्या फुजियान भागातल्या होक्कियन बोलीत मासे खारवून काढलेल्या रसाला ‘के-चाप’सारखा शब्द होता. इंग्रज व्यापाऱ्यांनी तो शब्द आणि त्या चवीची ओढ घरी नेली. इंग्लंडमध्ये मशरूमचं केचप झालं, अक्रोडाचं झालं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत टोमॅटोचं झालं. मग तीच लाल बाटली अमेरिकेतल्या चिनी आचाऱ्यांच्या हाती आली आणि ‘स्वीट अँड सावर’च्या रश्शात पडली. लेक माहेरी परत आली, पण रूप इतकं बदललेलं की कुणी ओळखलं नाही.

या घरगुती कल्पकतेला इंग्रजी शब्द दिले ते बुवेई यांग चाओ यांनी. त्या शिक्षणाने डॉक्टर. 1945मध्ये त्यांचं ‘हाऊ टू कुक अँड ईट इन चायनीज’ हे पुस्तक आलं. मुलीने आणि भाषाशास्त्रज्ञ पती युएन रेन चाओ यांनी त्याचं इंग्रजी घडवायला हातभार लावला. आज जगभर वापरला जाणारा ‘स्टर-फ्राय’ हा शब्द त्याच पुस्तकात जन्मला. मोठ्या आचेवर भराभर परतण्याच्या कृतीला तोवर इंग्रजीत नावच नव्हतं!

आता पुन्हा त्या रेल्वे मजुरांकडे, त्यांच्या शिध्याकडे बघू. त्यांच्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोहून येणाऱ्या जिनसांत वाळवलेली कालवं, सुकं माकूल, समुद्री शेवाळ आणि सुके मशरूम होते. यादी साधी दिसते, पण तिच्यात एक शोध दडलेला आहे आणि तो लागायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. 1908मध्ये टोकियोच्या किकुने इकेदांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या जिभेवर रेंगाळणाऱ्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. आपण ज्याला अजिनोमोटो म्हणून बिचकतो, ते हेच. टोमॅटोत आणि जुन्या मुरलेल्या चीजमध्ये ते मूळचंच असतं. 1913मध्ये शिंतारो कोदामांनी सुक्या माशात इनोसिनेट शोधलं. पुढे अकिरा कुनिनाकांनी शिताकेतलं ग्वानिलेट ओळखलं आणि खरं नवल समोर आलं: ग्लुटामेट आणि ही द्रव्यं एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. जिभेवर जिथे ग्लुटामेट बसतं तिथे शेजारी येऊन हे दुसरं द्रव्य त्याला घट्ट धरून ठेवतं, म्हणून थोडंसंही पुष्कळ लागतं. शेवाळ, कालव आणि मशरूम एकाच भांड्यात रटरटवणाऱ्या त्या मजुरांच्या स्वयंपाक्याला हा गुणाकार हाताला ठाऊक होता.

म्हणून इटालियन पास्त्याच्या टोमॅटो सॉसमध्ये एक चमचा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, घातला की तो तासभर शिजल्यासारखा लागतो. टोमॅटोकडे ग्लुटामेट आहे, कालव किंवा शिताके जोडीदार आणतात. मांसाहार नसेल तर दोन सुके शिताके गरम पाण्यात भिजवा, मशरूम चिरून घाला आणि ते तपकिरी पाणी अजिबात फेकू नका. माझ्या मते या सगळ्या फडताळातली सगळ्यांत कमी कौतुक झालेली वस्तू म्हणजे ते पाणी.

आणि आइस्क्रीमवर चिली क्रिस्पचं लाल तेल? तेही चालतं, आणि सोया सॉसपेक्षा वेगळ्या कारणाने. चिली क्रिस्प म्हणजे तेलात कुरकुरीत तळलेली मिरची, लसूण, कांदा. ग्वीझौ प्रांतातल्या ताओ हुआबी नावाच्या बाईंनी 1990च्या दशकात ‘लाओ गान मा’ची बाटली बाजारात आणली आणि ती समुद्रापार अमेरिकेतल्या घरांतही पोचली. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. आइस्क्रीमची साय ते सामावून घेते, त्यामुळे जाळ एकदम चढत नाही, हळूहळू उमटतो आणि लवकर विझतो. ज्या मज्जातंतूंना मिरची म्हणजे भाजणं वाटतं त्यांनाच त्या क्षणी गारवाही मिळत असतो.

या तेलात बरेचदा सिचुआन मिरीही असते, आणि इथे मला आपल्या घरची एक वस्तू आठवते. बांगड्याच्या आमटीत कोकण-गोव्यात जी तिरफळं पडतात, त्यांचं आणि सिचुआन मिरीचं कुळ एकच, झँथॉक्सिलम. दोन्ही लिंबाच्या गणगोतातली. दोन्हींत कस असतो तो सालीत, काळं बी टाकून द्यायचं. दोन्ही ओठांना झिणझिण्या आणतात. लंडनमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली आणि बोटावर कंप देणारं यंत्र ठेवून विचारलं, ओठांवरचा कंप कितीसा वाटतो? उत्तर सेकंदाला 50 कंपांच्या आसपास आलं. म्हणजे ती चव नव्हेच, तो स्पर्श आहे. मिरीतलं सॅनशूल स्पर्शाच्या तंतूंना छेडतं आणि कुणी हात न लावता ओठ थरथरल्यासारखे वाटतात. लिंबाच्या याच नात्यापायी अमेरिकेने 1968मध्ये या मिरीच्या आयातीवर बंदी घातली होती, संत्र्या-लिंबांच्या बागांत कँकर रोग शिरू नये म्हणून. ती 2005मध्ये उठली. अमेरिकेत तिरफळं न मिळणाऱ्या कोकणी घरात ही मिरी बांगड्याला चालवून बघावी. वास तंतोतंत तोच नसेल, झिणझिण्या मात्र त्याच जातीच्या.

गंधद्रव्यं जुळली की जोडी जमलीच, असा नियम मात्र मांडता येत नाही. 2011मध्ये योंग-योल आन आणि सहकाऱ्यांनी 56,498 पाककृती तपासल्या. पाश्चात्त्य स्वयंपाकात समान गंधाच्या वस्तू एकत्र येताना दिसल्या, पूर्व आशियाई स्वयंपाक मात्र त्या टाळताना दिसला. पुढे जोधपूरच्या आयआयटीत गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी भारतीय पाककृतींचा असाच हिशेब मांडला. आपलाही कल वेगळेपणाकडेच निघाला, आणि त्यात मसाल्यांचा वाटा मोठा. म्हणून मला अमेरिकेतलं चिनी फडताळ इतकं मोलाचं वाटतं. तिथे नात्यातल्यांना जवळ आणणारी रीत आणि परक्यांची गाठ घालणारी रीत एकाच कढईत भेटतात.

पुढच्या वेळी चॉकलेट केकचं मिश्रण कालवाल तेव्हा चिमूटभर मिठाऐवजी चहाचा एक चमचा सोया सॉस घाला. त्यात साधारण पाऊण ते एक ग्रॅम मीठ असतं, तेवढं पुरतं. फक्त आधी बाटली वाचा. ‘नॅचरली ब्रूड’ लिहिलेलं नसेल आणि घटकांत ‘हायड्रोलाइज्ड सोया प्रोटीन’ असेल, तर तो सॉस आम्लाने झटपट बनवलेला आहे, आणि बुरशीने महिनोन्‌महिने घडवलेले ते वास त्यात सापडणार नाहीत.