मोबाइलवरचा स्वाध्याय, हातातलं संत्रं

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आता बालभारतीच्या पुस्तकांवरील कोड दीक्षा ॲपवर उघडतात.

नायगावच्या चाळीत मात्र घरात फोन अनेकदा एकच, तोही दिवसभर अब्बांसोबत कामावर. म्हणून रात्री जेवणानंतरची २० मिनिटं मुलांसाठी राखून ठेवा; मुलासाठी तशी मुलीसाठीही.

‘तरंगेल की बुडेल?’ या डिजिटल स्वाध्यायात उत्तर चुकलं की लगेच कळतं. ‘का’ ते मात्र हाताने करूनच उमगतं. अम्मीने भांडंभर पाणी आणि संत्रं द्यावं. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. कारण सालीत हवा असते. हा धडा मूल विसरणार नाही.